यंत्र बोलत नाही? एकेक दुवा तपासा

उत्तर नागपुरात, कामठी रोडच्या आतल्या बाजूला, आमच्या पुतण्याचे छोटेसे गॅरेज आहे. वर टिनाचे छत, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली पाने, पक्कड आणि ऑईलचे डबे. हात त्याचा चांगला आहे. इंजिनच्या आवाजावरून तो बिघाड ओळखतो. पण अलीकडे त्याच्यापुढे एक अडचण उभी राहिली. मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेली गाडी आली, की त्याला म्हणावे लागायचे, "हे आपल्याकडे नाही होत जी, कंपनीत न्या." असे म्हटले की त्या दिवसाची मजुरी जाते, आणि पुष्कळदा गिऱ्हाईकही कायमचे जाते.

शेवटी त्याने पैसे साठवून जुना अँड्रॉइड टॅब्लेट आणि गाडीला जोडायचा एक लहान अडॅप्टर विकत घेतला. टॅब्लेटवर गाडी तपासण्याचे ॲप टाकले. पहिल्याच दिवशी ॲपने सांगितले, जोडणी होत नाही. दोन दिवस त्याने डोके फोडले. शेजारच्या एकाने बॉनेटला लिंबू-मिरची बांधण्याचाही सल्ला दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात असल्या सल्ल्याला थारा नाही. पण संध्याकाळी तो आमच्याकडे आला तेव्हा चेहरा उतरला होता. "काकाजी, पैसे पाण्यात गेले जी. हा डब्बा काही बोलूनच नाही राहिला."

आम्ही मेकॅनिक नाही. पण रविवारी वंदना झाल्यावर आम्ही त्याच्यासोबत गॅरेजात बसलो. दहावीत शिकणारी त्याची मुलगीही आली. त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत जे कळले ते येथे देत आहोत. आपल्या वस्त्यांत कोणी ड्रायव्हर आहे, कोणी मेकॅनिक, कोणाची शाळेची व्हॅन आहे. त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. आजच्या गाडीच्या इंजिनवर एक लहान संगणक देखरेख ठेवतो. हवा, पेट्रोल, धूर, उष्णता यांची खबर त्याला सेन्सर देतात. काही बिनसले की तो दिवा लावतो आणि एक सांकेतिक क्रमांक साठवून ठेवतो. ही पद्धत अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना लागू झाली. आपल्याकडे भारत स्टेज चार नियमांसोबत तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून आला. तो क्रमांक वाचण्यासाठी बहुतेक मोटारींत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. अडॅप्टर त्यात बसतो आणि ब्लूटूथने टॅब्लेटशी बोलतो.

म्हणजे ही एक साखळी झाली. गाडी, सॉकेट, अडॅप्टर, ब्लूटूथ, टॅब्लेट आणि शेवटी ॲप. एक दुवा तुटला की पुढचे सारे गप्प. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. हे असेल तर ते असते, हे नसेल तर ते नसते. बिघाड आकाशातून पडत नाही, त्याला कारण असते. म्हणून सगळे एकदम हलवू नये. पहिल्या दुव्यापासून एकेक तपासत जावे.

पहिला दुवा वीज. सॉकेटची सोळा क्रमांकाची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते. अडॅप्टर बसवला आणि त्याचा दिवा लागलाच नाही, तर टॅब्लेटशी झगडण्यात अर्थ नाही. आधी फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरचा आणि या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. तिथे मोबाईल चार्ज होत नसेल, तर फ्यूज उडाल्याची शंका घ्यावी.

दुसरा दुवा चावी. अडॅप्टरचा दिवा लागला तरी चावी ऑन केल्याशिवाय इंजिनचा संगणक जागा होत नाही. इंजिन सुरू नसले तरी चालेल, पण चावी ऑन हवी. शिवाय गाडी फार जुनी असेल तर ती या भाषेत बोलणारच नाही. तो ॲपचा दोष नव्हे.

तिसरा दुवा ब्लूटूथ. अडॅप्टर दोन जातीचे मिळतात. जुन्या पद्धतीचा अडॅप्टर आधी टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडावा लागतो. पिन विचारली तर बहुधा १२३४ किंवा ०००० असते. कमी वीज खाणाऱ्या नव्या जातीचा अडॅप्टर मात्र ॲपच्या आतूनच जोडायचा असतो. दुसऱ्या कोणाच्या मोबाईलने तो आधीच धरून ठेवला असेल, तर तुमच्या टॅब्लेटला तो मिळणार नाही. तो मोबाईल आधी बंद करा.

चौथा दुवा परवानगी. आमच्या पुतण्याचे घोडे येथेच अडले होते. दिवा लागत होता, चावी ऑन होती, पण ॲपच्या यादीत अडॅप्टरचे नावच येत नव्हते. मुलीने सेटिंग वाचत वाचत दोष काढला. ॲपने लोकेशनची परवानगी मागितली होती, आणि 'मी कुठे आहे ते याला कशाला सांगू' म्हणून त्याने ती नाकारली होती. त्याची शंका चुकीची नव्हती. पण अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंतच्या टॅब्लेटवर जवळची ब्लूटूथ उपकरणे शोधायला ही परवानगी आणि लोकेशन सुरू असणे लागते. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणे' अशी वेगळी परवानगी आली. मुलीने परवानगी दिली आणि लोकेशन सुरू केले. नाव दिसले, जोडणी झाली. काही खर्च आला नाही.

पाचवा दुवा खुद्द अडॅप्टर. बाजारात ईएलएम ३२७ नावाच्या मूळ चिपच्या स्वस्त नकला फार आहेत. त्यांतल्या काहींना सगळ्या आज्ञा कळत नाहीत. जोडणी होते, पण गाडीकडून उत्तर येत नाही. अशा वेळी ॲपमध्ये संवादाची पद्धत 'ऑटो'वर ठेवून पाहावी, आणि तोच अडॅप्टर दुसऱ्या गाडीला लावून पाहावा. दोन्हीकडे मुका राहिला तर दोष त्याचा. एका गाडीत बोलला तर दोष दुसरीकडे शोधावा.

पण यंत्र बोलू लागले म्हणजे काम संपले असे नाही. खरी परीक्षा तेथून सुरू होते. शाळेची व्हॅन चालवणारे एक भाऊ पुतण्याकडे आले. टॅब्लेटवर पी ०४२० हा क्रमांक आला. त्याचा अर्थ, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम अपुरे पडते आहे. दुसरीकडे कोणी त्यांना तो भागच बदलायला सांगितले होते. हा भाग महागडा. भाऊ व्याजाने पैसे काढायच्या बेतात होते. पुतण्याने आधी सायलेन्सरच्या जोडाखाली हात फिरवला. जोड गळत होता. बाहेरची हवा आत शिरून सेन्सरला चकवत होती. जोड नीट केला, क्रमांक पुसला, आणि पुढचे काही दिवस व्हॅन चालवून पाहिली. दिवा परत लागला नाही.

टॅब्लेटवरचा क्रमांक ही खूण आहे, निकाल नव्हे. पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. पण हवा कुठून गळते, फिल्टर तुंबला की सेन्सर मळला, हे माणसालाच शोधावे लागते. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथ यांवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या असे सांगितले. यंत्रालाही तोच नियम लावावा. लिंबू-मिरचीवरची श्रद्धा सोडून टॅब्लेटवर आंधळी श्रद्धा ठेवली, तर आपण पुढे गेलो असे कसे म्हणावे?

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. क्रमांक पुसण्याआधी वहीत लिहून घ्या, कारण बिघाडाच्या वेळची इतर नोंदही त्यासोबत पुसली जाते. काम झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. आणि गाडी चालवताना टॅब्लेटकडे पाहू नका.

एवढ्याशा यंत्राचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराचे विणकाम खाते आपल्या माणसांना बंद होते, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न मांडला. जुलै १९४२ मध्ये येथे नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची संधी मागितली. अंगमेहनत आपल्याला कोणी नाकारली नव्हती. नाकारले गेले होते ते कसब.

आज ते खाते कोणी थुंकीच्या नावाने बंद करू शकत नाही. पण समजून घ्यायचे कष्ट आपणच टाळले, तर दार उघडे असूनही आपण बाहेरच उभे राहू. त्या रविवारी टॅब्लेट बोलू लागल्यावर पुतण्याची मुलगी म्हणाली, "बाबा, दहावीनंतर मी आयटीआयला मोटर मेकॅनिकला जाऊ काय?" तो दोन मिनिटे काही बोलला नाही. मग त्याने फडक्याने हात पुसले आणि टॅब्लेट तिच्या हाती दिला. "पुढची गाडी तू तपास."