मोटर-मंडलातील विच्छेदक स्विच व अतिप्रवाह-संरक्षण

मोटर-मंडलाच्या आखणीतील एक गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. किमान १७.५ अँपिअर क्षमतेच्या तारेच्या आरंभी ३५ अँपिअरचा मंडल-खंडक बसविणे अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेस मान्य आहे. दिव्यांच्या मंडलात जे सदोष ठरले असते, ते येथे निर्दोष का ठरते, हे मोटरच्या स्वभावावरून कळते.

उदाहरणार्थ, १० अश्वशक्तीची, ४६० व्होल्टची त्रिकला प्रवर्तन मोटर पाहावी. संहितेच्या कोष्टकाप्रमाणे तिचा पूर्णभार प्रवाह १४ अँपिअर होय. तारेची क्षमता याच्या १२५ टक्के, म्हणजे १७.५ अँपिअर धरतात. परंतु परिभ्रमक स्थिर असताना मोटर सुमारे ८१ अँपिअर घेते. तिला वेग येताच हा प्रवाह उतरतो. खंडक पूर्णभाराच्या बेताचा असल्यास तो मोटर सुरूच होऊ देणार नाही. म्हणून, प्रवाह वाढेल तितक्या लवकर तुटणाऱ्या खंडकास सामान्यतः २५० टक्के, म्हणजे ३५ अँपिअरपर्यंत मुभा दिलेली आहे. त्याचे कार्य लघुमंडल व भूदोष यांपुरतेच असते.

मंद गतीने वाढणाऱ्या अतिभाराचा बंदोबस्त अतिभार-रिले करतो. त्याची योजना कोष्टकावरून नव्हे, तर मोटरच्या नामपट्टीवरील प्रवाहावरून करावयाची असते. नामपट्टीवर १३ अँपिअर व सेवा-गुणक १.१५ असल्यास १२५ टक्क्यांप्रमाणे मर्यादा १६.२५ अँपिअर येते. ती १७.५ अँपिअरच्या आत असल्याने वेटोळ्यांबरोबर तारेचेही रक्षण होते. विसंगती येथे मिटते.

विच्छेदक स्विचचे प्रयोजन निराळे आहे. त्याची क्षमता पूर्णभार प्रवाहाच्या किमान ११५ टक्के, म्हणजे १६.१ अँपिअर हवी. व्यवहारात ३० अँपिअरचा स्विच घेतात. मात्र केवळ अँपिअर पाहणे पुरेसे नाही. अडकून पडलेल्या मोटरचा ८१ अँपिअर प्रवाहही त्यास तोडावा लागेल. म्हणून त्या व्होल्टतेस १० अश्वशक्तीचे मानांकन त्यावर असावे. सामान्यतः तो मोटरपासून दृष्टिपथात, ५० फुटांच्या आत असावा. कारण दुरुस्ती करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

मोटर वारंवार बंद पडू लागली की रिलेची मर्यादा वाढविण्याचा मोह होतो. तसे केल्यास ३५ अँपिअरचा खंडक वेटोळी वाचवू शकत नाही. अडकलेल्या मोटरमध्ये उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे, पूर्णभाराच्या सुमारे ३३ पट निर्माण होते. तिन्ही साधनांची कार्ये भिन्न आहेत; एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.