जाड कापडाचं मशीन: मोटर नंतर बघा, आधी कापड कोण सरकवतं ते बघा

पनवेलच्या आसपास जाड कापडाच्या कामाला तोटा नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आणि न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्या ट्रकना ताडपत्री हवी, सीटला रेक्झिन हवं. मे संपत आला की दुकानांना पावसाळी पडदे हवेत. मात्र हे काम सुरू करणाऱ्याला मशीनबद्दल मिळणारे बरेच सल्ले चुकीचे असतात, आणि त्यात त्याची भांडवलाची रक्कम अडकते.

सर्वांत पक्का गैरसमज मोटरचा. मोटर मोठी बसवली की कोणतंही मशीन जाड कापड शिवतं, असं सर्रास सांगितलं जातं. मोठी मोटर सुई कापडातून पार करेल, पण दर टाक्यानंतर कापड पुढे सरकायलाही हवं. साध्या मशीनमध्ये ते काम फक्त खालचे दात करतात. वरचा फूट जागच्या जागी दाबून बसलेला असतो, म्हणजे वरच्या थराला तो अडवतच असतो. शर्टाच्या कापडात हे फारसं जाणवत नाही. रेक्झिन मात्र फुटाला चिकटतं, खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो. मग कारागीर कापड हाताने ओढतो, सुई वाकते आणि तुटते. वॉकिंग फूट मशीनमध्ये वरचा फूटही कापडाबरोबर पाऊल टाकतो. कंपाउंड फीडमध्ये तर सुईसुद्धा कापडात रुतलेली असतानाच दातांसोबत पुढे सरकते, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरायला वावच राहत नाही. माझ्या मते जाड कामासाठी पैसे मोजायचे ते या रचनेसाठी.

‘जुकी आहे ना, मग झालं’ हेही असंच. नाव एक असलं तरी मशीनं वेगळी असतात. जुकीचं डीडीएल-८७०० मिनिटाला ५५०० टाक्यांपर्यंत धावतं, पण कापड फक्त खालून सरकवतं. त्याच कंपनीच्या डीएनयू-१५४१ चा कमाल वेग २५०० आहे, मात्र ते कंपाउंड फीडचं आहे आणि ९ मिलिमीटरपर्यंत लांब टाका घालतं.

लांब टाका म्हणजे कच्ची शिवण, ही समजूत कपड्यांच्या शिवणकामातून आलेली. रेक्झिन किंवा पीव्हीसीच्या ताडपत्रीत सुईचं प्रत्येक भोक कायमचं राहतं. भोकं दाट पडली की पोस्टाच्या तिकिटांसारखी ती पट्टी नेमकी त्याच रेषेवर फाटते. इथे लांब टाका आणि जाड दोराच टिकतो. दोराही उन्हाचा विचार करून घ्यावा. नायलॉन ओढीला चिवट असला तरी उन्हात पॉलिएस्टर जास्त टिकतो. उघड्यावरच्या ताडपत्रीला तोच बरा.

सुईच्या पाकिटावरचा १४० हा आकडा म्हणजे १.४ मिलिमीटर जाडी. जाड दोऱ्याला जाड सुई लागते, नाहीतर दोरा नाक्यात घासून तुटतो. चामड्याची धारदार टोकाची सुई कॅनव्हासला चालेल असं काहींना वाटतं. ती विणीचे धागेच कापते, म्हणून कॅनव्हासला साधी गोल टोकाची सुई वापरावी.

आता मोटर. क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते आणि वीज खाते. सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच चालते आणि तिचा वेग कमी ठेवता येतो. कोपऱ्यावर एकेक टाका घालायचा तर सर्व्होच सोयीची. तरीही चार पदरांवर मशीन अडत असेल, तर मोटरवरची पुली लहान करावी. पुलीचा व्यास निम्मा केला की वेग निम्मा होतो आणि जोर जवळपास दुप्पट. मोठ्या मोटरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

आणि असं मशीन घेतलं म्हणजे ब्लाउजसुद्धा त्यावरच निघतील, हा हिशेब धरू नये. पातळ कापडावर त्याच्या दातांचे वळ उठतात.

दुकानात जाताना आपल्या कामातलं सर्वांत जाड कापड आणि नेहमीचा दोरा सोबत न्यावा. दुकानदार दाखवतो त्या चिंधीवर भरवसा ठेवू नये. एकेक मीटरच्या दोन सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात आणि हात न लावता, कापड न ओढता शेवटपर्यंत शिवाव्यात. शेवटी वरची पट्टी बोटभर उरली, तर ते मशीन जाड कामाचं नाही.