मान मागणाऱ्यांवरील बंधने

मातापित्यांचा मान राखावा, ही यहुदी धर्मातील दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा होय. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात 'शनवार तेली' या नावाने ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजामुळे या धर्माशी महाराष्ट्राचा जुना शेजार आहे. आईबापांना दैवत मानणाऱ्या समाजाला ही आज्ञा आपलीच वाटेल. परंतु यहुदी धर्मशास्त्र्यांनी तिचा जो विस्तार केला, तो मुलांपेक्षा आईबापांनीच अधिक लक्षपूर्वक पाहावा असा आहे.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या बाबिलोनी तालमूद या ग्रंथात मानाची व्याख्या आचरणावरून केली आहे. बापाच्या नेहमीच्या जागी बसू नये, त्याचे बोलणे खोडून काढू नये. त्याला खाऊपिऊ घालावे, वस्त्र नेसवावे, आत-बाहेर नेताना हात द्यावा. त्याच प्रकरणात बापाची कर्तव्येही मोजून दिली आहेत. मुलाला धर्मग्रंथ शिकवावा, त्याचे लग्न करून द्यावे, त्याला एखादा धंदा शिकवावा. आणि काहींच्या मते पोहायलाही शिकवावे, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. धंदा काय किंवा पोहणे काय, उद्या बाप जवळ नसताना मुलगा तरला पाहिजे, हाच त्यामागील हेतू दिसतो.

आज्ञापालनालाही या शास्त्राने सीमा घातली. शब्बाथ मोडण्यास बापाने सांगितले, तर ते ऐकू नये असा निर्णय झाला. बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडिस यांनी मानासाठी हटून बसून मुलांवर जड जू लादण्यास बापाला मनाई केली आणि त्यांच्या चुकांकडे काणाडोळा करावा असे सांगितले. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राको येथील रब्बी मोशे इसर्लिस यांनी तर, मुलाने पसंत केलेल्या वधूला बापाचा विरोध असल्यास तो मानण्याचे बंधन मुलावर नाही, असे नमूद केले. वयात आलेल्या मुलावर हात टाकणारा बापही दोषी ठरतो. कारण मुलगा उलटून हात उगारील, आणि त्या पापाच्या वाटेवर बापानेच त्याला ढकललेले असेल.

या परंपरेत कठोरपणा नाही, असे मात्र नव्हे. तोरा या मूळ धर्मग्रंथात बंडखोर मुलाला दगडांनी ठार मारण्याची शिक्षा आहे. परंतु पुढील पंडितांनी तिला इतक्या अटी घातल्या, की असा मुलगा कधी झाला नाही व होणारही नाही, असे एक मत तालमूदातच नोंदले गेले. बापाच्या कर्तव्यांची ती यादी मुलग्यांपुरतीच आहे, ही उणीवही लपत नाही.

आपल्याकडे मुलाने कोणते शिक्षण घ्यावे, मुलीने कोणाशी लग्न करावे, हे अजूनही अनेक घरांत 'आम्ही तुमच्यासाठी खस्ता खाल्ल्या' या एका वाक्याने ठरते. खस्ता खाल्लेल्या असतात, हे खरेच. म्हणूनच वृद्धापकाळी हात देण्याचे कर्तव्य मुलांना टाळता येणार नाही. परंतु त्या खस्तांच्या मोबदल्यात मुलांचे आयुष्य ताब्यात मागण्याचा अधिकार आईबापांना पोहोचत नाही. पोहायला शिकविल्यावर मुलाला काठावरच बांधून ठेवणे, हे शिकवणाऱ्यानेच आपली शिकवण नाकारणे होय.