नव्या ग्रंथांची नोंद आणि वाचकांचा मेळा : तळेरे परिसराच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयेतिहासाच्या लेखनात लेखकाला आणि ग्रंथाला जेवढे स्थान मिळाले तेवढे वाचकाला मिळालेले नाही, ही तक्रार नवी नाही. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'मुळे १८०० ते १९३७ या काळात मराठीत काय छापले गेले, याचा बराचसा उलगडा होतो. परंतु छापलेल्यापैकी काय वाचले गेले, कोणी वाचले आणि कोणत्या ग्रंथाची पाने अखेरपर्यंत न फाडताच राहिली, याची सूची कोणी केलेली नाही. रोबेर एस्कार्पी यांनी १९५८ मध्ये साहित्याच्या समाजशास्त्राची मांडणी करताना निर्मिती, वितरण आणि उपभोग अशी साखळी कल्पिली होती. आपल्याकडे पहिल्या कडीवर प्रबंधांमागून प्रबंध सिद्ध होतात. दुसरीवर क्वचित एखादा निबंध लिहिला जातो. तिसरी कडी मात्र आपण अंदाजावर सोडून देतो. ग्रामीण सार्वजनिक ग्रंथालयात नवे ग्रंथ कसे येतात आणि त्यांच्याभोवती गाव कसे जमते, एवढ्या मर्यादित प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनासाठी तळेरे हा परिसर निवडण्याचे कारण भौगोलिक आहे. कणकवली तालुक्यातील हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. येथून पश्चिमेला विजयदुर्गाकडे आणि पूर्वेला वैभववाडीवरून गगनबावडा, कोल्हापूरकडे रस्ते फुटतात. बंदर, घाट आणि मुंबई या तिन्ही दिशांची माणसे जेथे गाडी बदलतात, अशा गावी पुस्तकेही त्या तिन्ही वाटांनी येतात. विजयदुर्गाच्या बाजूला देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव. तिकडच्याच धालवलीला १९१८ मध्ये विंदा करंदीकरांचा जन्म झाला. 'करूळचा मुलगा' लिहिणाऱ्या मधु मंगेश कर्णिकांचे करूळ तर कणकवली तालुक्यातलेच. एवढ्या लहान टापूत मराठी वाङ्मयाच्या निर्मितीची इतकी ठिकाणे सापडतात; त्याच टापूतील वाचनाविषयी मात्र आपल्याला फारसे काही सांगता येत नाही.

जांभेकरांचे नाव येथे केवळ अभिमानापोटी घेतलेले नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु १८४५ च्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या 'बॉम्बे नेटिव्ह जनरल लायब्ररी'च्या स्थापनेशीही त्यांचे नाव जोडले जाते आणि 'ज्ञानेश्वरी'ची पहिली मुद्रित आवृत्तीही १८४५ ची, त्यांच्याच प्रयत्नांतली आहे. नियतकालिक, मुद्रित ग्रंथ आणि ग्रंथालय ही तीन कामे वेगवेगळी नाहीत, हे त्या पिढीला पुरते उमगलेले होते. पुढच्या पिढीतील वि. ल. भावे यांचेही उदाहरण घ्यावे. 'महाराष्ट्र सारस्वत'कार भाव्यांनी १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. वाङ्मयेतिहासकार स्वतः ग्रंथालय उभारतो, ही गोष्ट आज आपल्याला अपवादात्मक वाटते. त्या काळी तशी वाटली नसावी.

कोकणात ग्रंथालयाची परंपरा याहूनही जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, तर सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. ही प्रारंभीची ग्रंथालये प्रामुख्याने इंग्रजी अंमलदार आणि नवशिक्षित यांच्या गरजेतून निघाली. ती तालुक्याच्या गावाखाली कधी उतरली, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्याच्या इतिहासात सापडते.

मुंबई प्रांतात फैजी समिती १९३९ मध्ये नेमली गेली. तिने प्रांतभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याची योजना मांडली. परंतु प्रांताला कायदा मिळाला नाही. कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. म्हणजे तळेऱ्याहून घाट चढून गेले की कायदा, आणि घाटाखालच्या ब्रिटिश मुलखात केवळ शिफारशी, असे हे चित्र होते. घाटाखाली कायदा आला तो 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७' या रूपाने. मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद केली होती. महाराष्ट्राने ती केली नाही. शासनाने स्वतः गावोगाव शाखा काढण्याऐवजी लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांना मान्यता द्यावी, त्यांची 'अ', 'ब', 'क', 'ड' अशी वर्गवारी करावी आणि वर्गानुसार अनुदान द्यावे, असा मार्ग पत्करला. या निर्णयाचे गुणदोष दोन्ही आहेत. ग्रंथालय हे सरकारी कार्यालय न होता गावाची संस्था राहिले, हा गुण. आणि गावाचा उत्साह ओसरला की अनुदानापुरते ग्रंथालय शिल्लक राहते, हा दोष. २०१२ मध्ये शासनाने राज्यभरच्या ग्रंथालयांची विशेष पडताळणी केली, ती या दोषाच्या जाणिवेतूनच.

अनुदानाचा हिशेब साहित्याच्या अभ्यासकाला रुक्ष वाटेल, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. २०१२ च्या वाढीनंतर 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. २०२२ मध्ये ६० टक्के वाढीचा निर्णय झाला, तो धरता ही रक्कम ४८,००० होते. यातील निम्मी रक्कम वेतनाची मानली, तर जो मनुष्य रोज ग्रंथालयाचे दार उघडतो त्याच्या वाट्याला महिन्याला २,००० रुपये येतात. उरलेल्या निम्म्यात वीज, वर्तमानपत्रे, नियतकालिके, बांधणी, जागेचे भाडे आणि मग ग्रंथखरेदी. समजा, यातून ग्रंथांसाठी १०,००० रुपये राहिले. साडेतीनशे रुपये सरासरी किंमत धरली तर वर्षाला पंचवीस-तीस नवे ग्रंथ. एका गावाचे वर्षाचे नवे मराठी साहित्य ते एवढे! मराठी कादंबरीच्या नव्या प्रवाहांविषयी परिसंवादात बोलताना आपण ज्या वाचकाचे गृहीतक मांडतो, तो वाचक या तीस ग्रंथांच्या बाहेर क्वचितच जाऊ शकतो, याचे भान ठेवलेले बरे.

हे तीस ग्रंथ कोण निवडतो? शासनमान्य ग्रंथांची यादी असते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून (स्थापना १९७२) योजनांद्वारे ग्रंथ मिळतात. आणि उरलेली निवड विक्रेत्याच्या सवलतीवर ठरते, हे कटू असले तरी खरे आहे. अधिक सवलत देणारा ग्रंथ अधिक वाचनीय असतो असा नियम नाही. केवळ ग्रंथालयांच्या खरेदीवर डोळा ठेवून फुगवलेल्या किमतीच्या कादंबऱ्या निघतात आणि त्या कपाटात बसतात. त्यांच्या शेजारी प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या, २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कादंबरीसाठी जागा उरली आहे की नाही, हे पाहणे उद्बोधक ठरेल. बांदेकर सावंतवाडीचे. अजय कांडर कणकवलीचे, वीरधवल परब वेंगुर्ल्याचे. जिल्ह्यातील समकालीन कवी-कादंबरीकार जिल्ह्यातील कपाटांत किती पोचले, याची पाहणी पदव्युत्तर वर्गातील एखादा विद्यार्थी दोन महिन्यांत करू शकेल.

खरेदीखेरीज ग्रंथ येण्याची दुसरी वाट म्हणजे देणगी. गणपतीला आणि मे महिन्यात येणारा चाकरमानी मुंबईतील घर आवरताना जे बाजूला काढतो, ते गावच्या ग्रंथालयाला देतो. त्यात जुने दिवाळी अंक, मुलांची कालबाह्य पाठ्यपुस्तके आणि अधूनमधून एखादी दुर्मीळ पहिली आवृत्ती असते. कार्यवाहांना नकार देववत नाही. कोकणातील लहान ग्रंथालयांच्या संग्रहाला एक विशिष्ट 'मुंबईकर' रंग येतो, तो या वाटेने. संग्रहाचा अभ्यास करताना दाखल नोंदवहीतील 'खरेदी' आणि 'देणगी' हे रकाने वेगळे वाचले नाहीत, तर अभिरुचीविषयीचे निष्कर्ष पार चुकतील. देणगीत आलेला ग्रंथ दात्याची अभिरुची सांगतो, गावाची नव्हे.

दिवाळी अंकांचा मात्र स्वतंत्र उल्लेख हवा. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केलेली ही प्रथा लहान ग्रंथालयांना फार मोठा आधार आहे. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेऊन अंक फिरते ठेवतात. एरवी सभासद नसलेली घरेही या निमित्ताने देवघेवीच्या खिडकीशी येतात. पंचवीस-तीस ग्रंथांची मर्यादा येथे ओलांडली जाते. नवी कथा, नवी कविता, नवे नाव गावात प्रथम पोचते ते पुष्कळदा अंकातून.

आता मेळ्याकडे वळू. ६ जानेवारीचा 'दर्पण' दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टचा रंगनाथन यांच्या जन्मदिनानिमित्तचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरातील ग्रंथालय सप्ताह अशी ग्रंथालयांची कार्यक्रम-पंचांगे ठरून गेली आहेत. शाल-श्रीफळ, स्वागत, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय यांत निम्मा वेळ जातो, हे आपण सर्वांनी व्यासपीठावरून आणि समोरूनही अनुभवलेले आहे. त्यामुळे विद्वान मंडळी या कार्यक्रमांना उत्सवी ठरवून बाजूला सारतात. माझ्या मते ही घाई आहे.

याचे कारण मराठी साहित्याच्या प्रसारातच आहे. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगाव केलेल्या काव्यवाचनाने कविता ज्या श्रोत्यांपर्यंत नेली, त्यांतील बहुसंख्यांनी संग्रह विकत घेतलेला नव्हता. तिघांपैकी दोघे याच जिल्ह्याचे, हा केवळ योगायोग मानला तरी लक्षणीय आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाचेही तसेच. मराठी ग्रामीण कथा छापील पानावरून जितकी पसरली, तितकीच ती सभागृहांतून आणि ग्रंथालयांच्या अंगणांतून पसरली. अशा वेळी कार्यक्रमाला ग्रंथाचे उपांग मानणे चुकीचे ठरते. तो ग्रंथप्रसाराचाच एक मार्ग होता.

मालवणी मुलखात तर या विधानाला आणखी एक बाजू आहे. मालवणीचे मुद्रित वाङ्मय तिच्या बोलण्यातील संपन्नतेच्या मानाने थोडे. तिच्या लेखनाची पद्धत पुरती स्थिरावलेली नाही. एकच शब्द दोन लेखक दोन तऱ्हांनी लिहितात आणि घरात मालवणी बोलणारा वाचकही छापील मालवणी वाचताना अडखळतो. तोच मजकूर कोणी मोठ्याने वाचला की अडखळ नाहीशी होते. दशावताराला तर लिखित संहिताच नसते. कथानक ठरलेले, संवाद रंगमंचावर सुचणारे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा या परंपरेची मुद्रित मराठीला नव्याने ओळख झाली. परंतु छापील संहिता हाती असूनही ते नाटक वाचण्यापेक्षा ऐकण्याचे आहे, हे या भागात कोणालाही पटेल. ज्या बोलीचे साहित्य कानाने पुरे होते, त्या बोलीच्या प्रदेशात ग्रंथालयाचा कार्यक्रम हा एक प्रकारचा नवा ग्रंथच असतो. फरक इतकाच, की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळत नाही. मालवणी कविसंमेलनाची नोंद इतिवृत्तात 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' एवढ्या एका ओळीत संपते. कोणी काय वाचले, कशाला दाद मिळाली, काय पुन्हा वाचायला लावले, हे त्या ओळीत येत नाही. ध्वनिमुद्रण करणे आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्राने शक्य झाले आहे, पण ते जपून ठेवण्याची सवय संस्थांना अद्याप लागलेली नाही.

'पुस्तकांचं गाव' या शासकीय योजनेचा विचारही याच अनुषंगाने करावा लागेल. ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातील भिलार येथे तिचा प्रारंभ झाला आणि पुढील विस्तारात पोंभुर्ल्याची निवड झाली. जांभेकरांच्या गावी घरोघरी ग्रंथ मांडले जावेत, यात औचित्य आहेच. तथापि भिलार हे महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यटकांच्या वाटेवरचे गाव. पोंभुर्ले तसे नाही. तेथील यशाची कसोटी येणाऱ्यांच्या संख्येवर न लावता, आसपासच्या गावांतील वाचक ग्रंथ घरी नेतो की नाही, यावर लावावी लागेल. ग्रंथ पाहणे वेगळे आणि ग्रंथ घरी नेणे वेगळे.

आणि घरी नेल्याचा पुरावा राहतो कोठे? देवघेव नोंदवहीत आणि ग्रंथाच्या अखेरच्या पानावर चिकटवलेल्या, परतीच्या तारखांच्या चिठ्ठीत. काही वर्षांपूर्वी अशा नोंदवह्या पाहण्यासाठी मी एका ग्रंथालयात गेलो होतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कपाट रिकामे होते. जागा हवी म्हणून जुन्या वह्या आदल्याच पावसाळ्यापूर्वी रद्दीत घातल्या गेल्या होत्या. ज्यांनी घातल्या त्यांना दोष देता येत नाही. तपासणीला दाखल नोंदवही, किर्द आणि पावत्या लागतात, पंचवीस वर्षांपूर्वी कोणी काय वाचले हे कोणी विचारत नाही. विचारायला हवे होते ते आपण, म्हणजे साहित्याच्या विभागांनी.

त्या दिवशी हाती लागली ती निर्लेखनासाठी बाजूला काढलेल्या ग्रंथांची एक चवड. त्यांत जयवंत दळवींचे 'सारे प्रवासी घडीचे' होते. मुखपृष्ठ गेलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या. अखेरच्या पानावर तारखांची चिठ्ठी, तिच्यावर दुसरी आणि दुसरीवर तिसरी. तिन्ही भरलेल्या. काही तारखांमध्ये आठवड्याचेच अंतर, म्हणजे ग्रंथ परत येताच दुसऱ्याने नेलेला. चिठ्ठ्यांवर नावे नव्हती, सभासद क्रमांक होते, आणि ते क्रमांक कोणाचे हे सांगणारी वही रद्दीत गेलेली होती. मी त्या तारखा उतरवून घेतल्या. ग्रंथपालांनी चवडीतील बाकीच्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या काढून पाकिटात घालून दिल्या; पुस्तके त्याच आठवड्यात गेली.