आधीं मोजणी, मग नकाशा : आफ्रिकेंतील नगररचनेचें उच्च शिक्षण

नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे शहाणा कुटुंबप्रमुख आराखडा काढावयास सांगण्यापूर्वीं घरांतील माणसांचा विचार करतो. वृद्ध आईस जिना चढवेल काय, स्वयंपाकघराचा धूर कोणीकडे जाईल, लेकीसुना सणावारीं जमल्या म्हणजे कोठें निजतील, मुलांच्या अभ्यासास उजेड कोठून मिळेल, हे प्रश्न आधीं सुटतात आणि गवंड्याची दोरी मागून पडते. हा क्रम उलटा केला तर भिंती सुरेख उभ्या राहतात, पण घर राहण्याच्या कामाचें होत नाहीं. एका घरासंबंधानें जी गोष्ट प्रत्येक गृहिणीस कळते, तीच लक्षावधि घरांच्या शहरासंबंधानें विद्वानांच्या ध्यानांत येण्यास मात्र फार काळ लागला. ती कशी ध्यानांत येऊं लागली हें पाहावयाचें असेल तर आफ्रिका खंडांतील विद्यापीठांत नगररचनेचे जे पदव्युत्तर वर्ग चालतात, त्यांजकडे दृष्टि वळवावी, असें आम्हांस वाटतें. त्या कथेंत मुंबईच्या फूटपाथांचाहि एक धागा गुंतलेला आहे, म्हणून ती वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आफ्रिकेंतील अर्वाचीन नगररचनेस, आमच्याकडील नगररचनेप्रमाणेंच, प्लेगाच्या भीतीनें मोठी चालना मिळाली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि १८९८ सालीं तेथें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुण्या-मुंबईच्या जुन्या घराण्यांतून त्या वर्षांच्या आठवणी अद्याप सांगितल्या जातात. जगभर पसरलेली तीच साथ पुढें आफ्रिकेच्या बंदरांत आणि खाणींच्या शहरांत शिरली. १९०४ सालीं जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तींत प्लेग झाला, तेव्हां तरुण बॅरिस्टर गांधी यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली, हें त्यांच्या आत्मकथेच्या वाचकांस ठाऊकच आहे. नगरपालिकेनें ती वस्ती रिकामी करून जाळून टाकली आणि रहिवाशांस कित्येक मैल दूर क्लिपस्प्रूट येथें तंबूंत नेऊन ठेविलें. त्याच भागांत पुढें काळ्या लोकांची सोवेटो ही अफाट वसाहत वाढली. १९१४ सालीं डाकार येथें प्लेग झाला आणि आफ्रिकी लोकांसाठीं मेदिना नांवाचा निराळा भाग आंखला गेला. लागोस येथें १९२४ सालीं प्लेग उद्भवला आणि १९२८ सालीं तेथें शहरसुधारणेचें मंडळ नेमलें गेलें. या सर्व प्रसंगीं नकाशा काढणारे एका पक्षास होते आणि ज्यांचीं घरें नकाशावरून पुसलीं जावयाचीं ते दुसऱ्या पक्षास. दोघांची गांठ पडे ती घर रिकामें करण्याची नोटीस देतेवेळीं.

या देशांस स्वातंत्र्य मिळालें तेव्हां आपल्या शहरांची आंखणी आपल्याच माणसांनीं करावी, ही आकांक्षा साहजिकच उत्पन्न झाली. घानामध्यें कुमासी येथील विद्यापीठांत नियोजनाचा विभाग वाढला. टांझानियाच्या दार-एस-सलाम येथें १९५६ सालीं निघालेली मोजणीदारांची शाळा १९७२ सालीं ‘आर्धी इन्स्टिट्यूट’ झाली आणि २००७ सालीं तिचेंच स्वतंत्र विद्यापीठ बनलें. ‘आर्धी’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ भूमि असा आहे. केनियांत नैरोबी विद्यापीठानें १९७१ सालीं डेन्मार्कच्या साह्यानें नगर व प्रादेशिक नियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढें १९८४ सालीं जर्मनींतील डॉर्टमुंड विद्यापीठानें एक नवी योजना काढली. तींत विद्यार्थ्यानें पहिलें वर्ष जर्मनींत काढावें आणि दुसरें वर्ष विकसनशील देशांतील एखाद्या सहयोगी विद्यापीठांत घालवावें अशी व्यवस्था होती. कुमासी व दार-एस-सलाम येथील संस्था या योजनेंत सामील झाल्या. भूगोल, स्थापत्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांचे पदवीधर या वर्गांतून एकत्र येतात. जमिनीचा कायदा, लोकसंख्येचें गणित, पाणी आणि रस्ते यांचें शास्त्र, नकाशावाचन हे विषय शिकून झाले म्हणजे त्यांस ‘स्टुडिओ’त, म्हणजे नियोजनाच्या कार्यशाळेंत, एखाद्या खऱ्या भागाचा आराखडा तयार करावयाचा असतो, आणि शेवटीं प्रबंध लिहावयाचा असतो.

शिक्षक आपले झाले, विद्यार्थी आपले झाले, तथापि पोथी बहुतांशीं विलायतेचीच राहिली. झांबियामध्यें १९६२ सालचा, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वींचा, नगररचनेचा कायदा थेट २०१५ सालापर्यंत चालू होता. अशा कायद्यांत रस्त्याची रुंदी, घराचें जोतें, दोन घरांमधील अंतर हीं सर्व मापें ठरलेलीं असत. तीं ज्या शहरांसाठीं योजिलीं होतीं तेथें लोकसंख्या हळूहळू वाढत होती आणि नगरपालिकेपाशीं पैसा होता. आफ्रिकेंत १९५० सालीं शंभर माणसांपैकीं सुमारें १४ माणसें शहरांत राहत. आज ४० हून अधिक राहतात. त्यांतील असंख्य कुटुंबांचीं घरें या मापांत कधींच बसलीं नाहींत. तेव्हां विद्यार्थी जो कायदा परीक्षेसाठीं पाठ करी, त्याच्या दृष्टीनें त्याच्याच शहरांतील बहुतेक शेजारी गुन्हेगार ठरत.

याचें अत्यंत दारुण प्रत्यंतर २००५ सालीं झिंबाब्वेंत आलें. मे महिन्यांत तेथील सरकारनें ‘ऑपरेशन मुरांबात्स्विना’ या नांवाची मोहीम काढून हरारे व इतर शहरांतील अनधिकृत घरें आणि दुकानें जमीनदोस्त केलीं. संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें चौकशीस गेलेल्या ॲना टिबाइजुका या टांझानियन विदुषींनीं असा अंदाज दिला कीं, सुमारें ७ लाख लोकांचें घर, उपजीविका किंवा दोन्हीहि नष्ट झालीं. या कृत्यास आधार म्हणून दाखविला गेला तो १९७६ सालचा नगररचनेचा कायदाच. जें शास्त्र माणसांच्या निवाऱ्यासाठीं शिकवावयाचें, तेंच निवारा मोडण्याच्या कामीं यावें, ही गोष्ट त्या शास्त्राच्या अध्यापकांस अंतर्मुख करणारी होती.

वास्तविक या रोगाचें निदान फार पूर्वींच झालें होतें, आणि तें करणाऱ्या दोघां पुरुषांचा आमच्या देशाशीं निकट संबंध होता. १९१९ ते १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस हे सांगत असत कीं, वैद्य जसा आधीं नाडी पाहतो तसें नगररचनाकारानें आधीं शहर पायीं हिंडून पाहावें, आणि गल्लीबोळांतून रुंद रस्ते घुसविण्याऐवजीं जरूर तेवढीच शस्त्रक्रिया करावी. दुसरे ऑटो कोनिग्सबर्गर. हिटलरच्या छळामुळें जर्मनी सोडलेले हे स्थापत्यविशारद १९३९ सालीं म्हैसूर संस्थानांत आले, आणि स्वातंत्र्यानंतर दिल्लीस गृहनिर्माण खात्याचे संचालक झाले. पुढें लंडनला जाऊन १९५४ सालीं सुरू झालेल्या उष्ण कटिबंधांतील स्थापत्याच्या अभ्यासक्रमाच्या उभारणींत त्यांनीं भाग घेतला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मंडळांबरोबर ते घाना व लागोस येथें सल्ला देण्यास गेले. वीस वर्षांचा भव्य आराखडा काढीत बसूं नये, कारण तो पुरा होईपर्यंत शहर पुढें निघून गेलेलें असतें. थोडें करावें, परिणाम पाहावा आणि मग पुढील पाऊल टाकावें, असा त्यांच्या मताचा इत्यर्थ होता. परंतु एखाददुसऱ्या थोर पुरुषाचें मत आणि वर्गांत रोज शिकविला जाणारा पाठ यांत अंतर राहतेंच.

तें अंतर कमी करण्याचा उद्योग आफ्रिकेंतील नियोजनविद्यालयांनीं १९९९ सालीं आपला एक संघ स्थापून हातीं घेतला. आज पन्नासांहून अधिक विद्यालयें या संघांत आहेत. आणि येथेंच मुंबईचा धागा येऊन मिळतो. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुंबईंतील फूटपाथांवरील झोपड्या हलविल्या जाण्याचा प्रसंग आला होता. त्या सुमारास ‘स्पार्क’ या संस्थेनें फूटपाथांवर राहणाऱ्या सुमारें ६,००० कुटुंबांची मोजणी केली. हे लोक कोण, कोठून आले, किती वर्षें राहिले, काय मिळवितात, हें तोंवर कोणींच विचारलें नव्हतें. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते आणि तरी कोणत्याहि कागदावर नव्हते. या मोजणींतून भायखळ्याच्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी महासंघाच्या जोडीनें या बायकांनीं आपली रीत दक्षिण आफ्रिकेंतील वस्त्यांस शिकविली. १९९६ सालीं अशा अनेक देशांतील संघटनांचा एक आंतरराष्ट्रीय संघ झाला. आपली वस्ती आपणच मोजावी, आपला नकाशा आपणच काढावा, आणि मग तो हातीं घेऊन नगरपालिकेच्या दारीं जावें, ही ती रीत होय. जिनें पदवीचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा बाईच्या हातून निघालेली ही विद्या पंचवीस वर्षांनीं विद्यापीठाच्या उंबऱ्याशीं पोहोंचली. २०१० सालीं विद्यालयांचा संघ आणि झोपडीवासीयांचा संघ यांच्यांत करार झाला कीं, विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा यापुढें दोघांनीं मिळून वस्त्यांतूनच चालवाव्या.

युगांडा, मलावी, केनिया इत्यादि देशांत अशा कार्यशाळा झाल्या. २०१३ सालीं झांबियाच्या विद्यापीठानें लुसाका येथें याच तत्त्वावर स्थलनियोजनाचा नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. या वर्गांत विद्यार्थ्याचा पहिला गुरु बहुधा त्या वस्तींतील एखादी प्रौढ स्त्री असते. कोणत्या नळास पहांटे किती वाजतां पाणी येतें, पावसाळ्यांत कोणती गल्ली तुंबते, रात्रीं मुली कोणत्या वाटेनें जात नाहींत, हें तिला ठाऊक असतें आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत तें दिसत नाहीं. विद्यार्थ्यानें तें ऐकावयाचें, मोजावयाचें आणि नगरपालिकेस समजेल अशा भाषेंत मांडावयाचें.

या शिक्षणाचें मोठें फळ नैरोबींत दिसलें. तेथील कारखान्यांच्या भागांत मुकुरू नांवाची वस्ती सुमारें ६५० एकरांवर पसरली असून तींत सुमारें एक लाख कुटुंबें राहतात. जमीन कागदोपत्रीं उद्योगधंद्यांसाठीं खासगी मालकांस दिलेली, त्यांनीं ती तशीच पडूं दिलेली, आणि गरिबांनीं तेथें पत्र्याचीं घरें उभारलेलीं, असा सारा गुंता होता. पाणी आणि वीज यांसाठीं हे लोक चांगल्या वस्तींतील लोकांहून जास्त दर मोजीत, ही गोष्ट अभ्यासकांनीं सिद्ध करून दाखविली. २०१७ सालीं नैरोबीच्या शासनानें मुकुरू हें विशेष नियोजनाचें क्षेत्र म्हणून जाहीर केलें. विद्यापीठें, सेवाभावी संस्था आणि ‘मुउंगानो’ ही वस्तीवासीयांची संघटना, अशा चाळीसांवर संस्थांनीं मिळून आराखड्याचें काम केलें. दहा घरांचा एक गट, अशा दहा गटांचा एक समूह, अशी रचना करून घरोघर विचारणा झाली. पुस्तकांतील मापाचा रस्ता आंखला तर हजारों घरें पाडावीं लागतील, तेव्हां रस्ता किती रुंद असला म्हणजे पुरे, हा प्रश्न रहिवाशांबरोबर बसून सोडविण्यांत आला. त्यानंतरच्या वर्षांत तेथें पक्के रस्ते आणि नळ यांचीं कामें झालीं.

मात्र येथें सर्व कांहीं सुरळीत झालें असें लिहिलें तर तें वाचकांची फसवणूक केल्यासारखें होईल. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत नैरोबीस मोठा पूर आला. त्यानंतर सरकारनें नदीकांठचीं घरें धोक्याचीं म्हणून पाडलीं, आणि त्यांत मुकुरूचीं घरेंहि गेलीं. पूर खरा होता आणि धोकाहि खरा होता. तथापि लोकांस जाण्यास जागा देण्याआधींच यंत्रें आलीं, आणि १९०४ च्या जोहान्सबर्गची आठवण व्हावी असा तो देखावा झाला. चांगला शिकलेला नगररचनाकार सत्ताधीशाचा हात धरून ठेवूं शकत नाहीं. पण कोणत्या घरांत कोण राहत होतें याची मोजणी जवळ असली तर निदान गेलेल्या घराचा दावा तरी सांगतां येतो. ती नसेल तर तेथें घर होतें हेंच कबूल केलें जात नाहीं. या एका कारणासाठींहि हें शिक्षण सार्थ आहे, असें आमचें मत आहे.

अडचण आहे ती संख्येची. २०१० नंतर प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेप्रमाणें लाख लोकांमागें नोंदलेले नियोजनकार ब्रिटनमध्यें सुमारें ३८, नायजेरियांत सुमारें दीड, आणि आमच्या भारतांत पावाहूनहि किंचित् कमी, म्हणजे चार लाखांहून अधिक लोकांमागें एक, असे होते. आफ्रिकेच्या उणिवेकडे बोट दाखविण्यापूर्वीं हा शेवटचा आंकडा आपण नीट पाहावा. आपल्या सुशिक्षित घरांतून मुलामुलींच्या पुढील शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे वैद्यक, इंजिनियरी आणि संगणक यांपलीकडे बोलणें सहसा जात नाहीं. नगररचना हीहि एक विद्या आहे, तिचे पदव्युत्तर वर्ग आपल्या देशांतहि आहेत, आणि आपल्या शहरांस तिची निकड आहे, हें घरांतील वडील माणसांनीं तरुणांच्या कानीं घालावें. आणि ज्या मुलास किंवा मुलीस ती विद्या घ्यावयाची असेल, तिला कागद-पेन्सिल घेण्याआधीं आपल्याच गल्लीच्या टोंकाशीं असलेल्या वस्तींत पाठवावें. पाणी किती वाजतां येतें, एवढेंच तेथें विचारून यावें. हा पहिला पाठ लुसाका व नैरोबी येथील विद्यार्थी आज ज्या रीतीनें घेत आहेत, ती रीत भायखळ्याच्या बायकांचीच आहे.