काजव्यांच्या उजेडात कॅमेऱ्याची उजळणी

मोबाइलचे कॅमेरे सुधारत गेले, तसे अनेक घरांतले प्राथमिक श्रेणीचे डिजिटल कॅमेरे कपाटात जाऊन पडले. मात्र छायाचित्रणाचा छंद नव्याने धरू पाहणाऱ्याला हेच जुने यंत्र अधिक उपयोगी पडते, कारण मोबाइल प्रकाशासंबंधीचे बहुतेक निर्णय परस्पर घेऊन मोकळा होतो, तर या कॅमेऱ्याच्या चकतीवरचे ‘एम’ हे अक्षर, म्हणजे मॅन्युअल पद्धत, ते निर्णय वापरणाऱ्यावर सोपवते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात या निर्णयांचा सराव करण्यास अकोले तालुक्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल, आणि त्याचा हंगाम मे अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंतचा असतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, भंडारदरा धरणाच्या आसपासच्या मुरशेत, पांजरे, घाटघर, रतनवाडी या गावांजवळ हिरडा, बेहडा, उंबर, जांभूळ अशा झाडांवर या दिवसांत काजवे लखलखतात. ही लुकलुक मुख्यतः नर-मादीची परस्परांना दिलेली साद असून, ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो जवळजवळ उष्णताविरहित उजेड निर्माण होतो.

इतका मंद उजेड टिपताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो: अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत सोडणारा झरोका, शटर, म्हणजे तो प्रकाश किती वेळ आत यावा हे ठरवणारा पडदा, आणि आयएसओ, म्हणजे मिळालेला संकेत किती वाढवायचा याचे माप, जे फार चढवले की चित्रावर रवाळ ठिपके उमटतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारे 18-55 मिलिमीटरचे भिंग 18 वर ठेवले की झरोका सहसा ‘एफ 3.5’ इतका उघडतो. आयएसओ 1600 च्या आसपास आणि शटर 30 सेकंद ही सुरुवात पुरेशी ठरते. अंधारात स्वयंचलित फोकस नुसता चाचपडत राहतो, म्हणून संधिप्रकाशात झाड स्पष्ट दिसते तोवर फोकस लावून तो मॅन्युअलवर टाकावा, त्याच वेळी झाडाचे एक चित्र घेऊन ठेवावे आणि त्यानंतर तिपाई जागची हलवू नये. बटण दाबताना बसणारा धक्काही चित्र पुसट करतो, तेव्हा दोन सेकंदांचा टायमर वापरणे इष्ट.

मग अंधारात 30 सेकंदांची अशी 20 चित्रे घेऊन ती संगणकावर संधिप्रकाशातल्या त्या चित्रावर एकावर एक रचली, आणि प्रत्येक बिंदूचे सर्वांत उजळ मूल्य तेवढे राखले, की झाडभर सोनेरी ठिपक्यांचा सडा पडलेला दिसतो. पुरवण्यांत छापून येणारी नेत्रदीपक चित्रे बहुधा याच रीतीने तयार होतात. डोळ्यांना एका क्षणी तसे काही दिसत नाही, ती 10 मिनिटांची बेरीज असते. ही लबाडी नव्हे, पण चित्राखाली तसे नमूद न करणे मात्र लबाडीच्या जवळ जाते.

फ्लॅश, विजेरी आणि गाड्यांचे दिवे यांनी काजव्यांचा संवाद तुटतो, शिवाय शेजारच्या छायाचित्रकाराची अर्ध्या मिनिटाची प्रतीक्षाही वाया जाते. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीन मंद ठेवणे हा त्यातलाच शिष्टाचार.

या साऱ्यासाठी तिपाईखेरीज नवी खरेदी लागत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. याउलट कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात उधळणारा काळवीट गोठवायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत आणावे लागते आणि 55 मिलिमीटरच्या भिंगात तो गवतातला ठिपका उरतो. तेव्हा 250 किंवा 300 मिलिमीटरच्या भिंगाचा खर्च काजव्यांचा एक हंगाम पदरात पडेपर्यंत लांबणीवर टाकलेला बरा.