कारागिराची पाठ आणि मालकाचा हिशेब

पुण्याच्या रविवार पेठेत कापडाच्या धंद्याची एक जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाला रंगाची शंका आली की ठाण उचलून दुकानाच्या दारात न्यायचे आणि उजेडात दाखवायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असते. तोच व्यापारी आपल्या डिझायनरला मात्र मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवतो. मीही तेच केले होते.

आमच्याकडे छपाईची डिझाइने पूर्वी कागदावर निघत. पुढे संगणक आला. तो भारी किमतीचा घेतला, पण ठेवला कापड मापायच्या उंच टेबलावर, आणि समोर बिनपाठीचे स्टूल. काम करणारा मुलगा हुशार. सकाळचे काम सफाईदार, दुपारनंतर चुका. एकदा नक्षीचा सांधाच जुळला नाही आणि छापलेला माल पडत्या भावाने काढावा लागला. मी त्याला नको तेवढे बोललो. त्याने उत्तर दिले नाही, फक्त मनगटाला बांधलेली पट्टी दाखवली.

त्या दिवशी मी स्वतः त्या स्टुलावर तासभर बसलो. खांदे वर चढलेले, पाय अधांतरी, पडद्यावर मागच्या खिडकीची चकाकी. चूक मुलाची नव्हती.

कामाची जागा माणसाच्या शरीराला जुळवण्याच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. नाव नवे, विचार जुना. इटलीचे वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात वाकून बसणाऱ्या शिंप्यांची दुखणी आहेत, आणि १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांचीही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय माणसांच्या शरीराची मापे देणारे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक काढले. परदेशी मापाची खुर्ची आपल्या माणसाला बसेलच असे नाही.

नियम सोपे आहेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. कोपर काटकोनात. पाय जमिनीवर टेकलेले, नाही तर खाली पाट. खिडकी बाजूला. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद नजर टाकावी. रंग पक्का करताना नमुना दिवसाच्या उजेडात पाहावा. जोहर-असरच्या नमाजसाठी उठणाऱ्याकडे घड्याळ दाखवून पाहू नये. नमाज इबादत आहे, व्यायाम नव्हे. पण उठल्याने आखडलेले अंगही मोकळे होते.

साडीच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी मागणी लावून धरली, तेव्हा केरळने २०१८ मध्ये दुकानातील नोकरांना बसण्याचा हक्क दिला. तामिळनाडूने २०२१ मध्ये. आपण कायद्याची वाट का पाहावी?

मी सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेतले, पाठीची खुर्ची आणली, संगणक खिडकीला आडवा लावला. एका बिघडलेल्या मालाच्या नुकसानीपेक्षा हा खर्च फार कमी होता. दुपारच्या चुका घटल्या. मनगट बरे व्हायला मात्र कित्येक महिने लागले, आणि ते महिने त्याचे होते, माझे नव्हते.

हाताखालच्या माणसावर झेपणार नाही असे ओझे टाकू नये, टाकले तर स्वतः हात लावावा, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. वाचकहो, आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या कारागिराच्या जागेवर अर्धा तास बसून पाहा.